सर्वांत दुःखी इमारतीची तालीम

"रडायचं कसं ते मला नका शिकवू! पस्तीस वर्षं विंगेत उभी राहून मी अख्खी नाटक कंपनी रडवलीय!"

प्रॉम्प्टर आजींनी इमारतीच्या सभेत ठणकावलं. तरुणपणी नाटकाची वही घेऊन त्या विंगेत उभ्या राहत आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवत. एकदा तर नायक मरता मरताच संवाद विसरला, तेव्हा आजींनी त्याला शब्द पुरवत पुरवत शेवटच्या श्वासापर्यंत सुखरूप पोचवला होता! कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली, पण सवय जाते थोडीच? डॉक्टर "जीभ" म्हणून जरा थांबले, तर "बाहेर काढा" हे आजीच म्हणत.

आता एवढ्या कर्तबगार बाईला इमारत दुःखी करायची होती, ती एका बसथांब्यासाठी.

थांबा पूर्वी इमारतीच्या दारातच होता. दर गुरुवारी आजी तिथून बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जात. पाऊस असो, संप असो, ताप असो, गुरुवार चुकला नव्हता. आणि एके दिवशी कुणाच्या डोक्यात काय आलं देव जाणे, थांबा उचलून पुलापलीकडे नेला. आजींचे गुडघे पुलाचं नाव काढलं तरी करकरत. चार गुरुवार हुकले. "नको येऊस गं, पडशील कुठेतरी," ताई फोनवर म्हणाली आणि लगेच फोन ठेवला. नेहमी फोन ठेवायला ती पाऊण तास घेई. आजींना रात्रभर चैन पडलं नाही.

तेवढ्यात नगरपालिकेने शहरातल्या लोकांच्या सुखाची पाहणी काढली. पाहणीवाले घरोघरी येणार, प्रश्न विचारणार आणि जी इमारत सर्वांत दुःखी ठरेल तिची एक मागणी ताबडतोब मान्य होणार!

"पण आजी, आपण दुःखी कुठे आहोत?" तळमजल्यावरचे घड्याळजी म्हणाले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचे कान लाल होत.

खरी अडचण तीच होती. पाणी वेळेवर येई, लिफ्ट चाले, एकाच्या घरात कांदा संपला तर दुसऱ्याच्या घरात वाटी तयार असे. भांडणं व्हायची ती फक्त पत्त्यांत.

"नसू, तर होऊ!" आजी म्हणाल्या. "आठ दिवस तालीम!"

आजींनी वहीत संवाद लिहिले. घड्याळजींना झोप लागत नाही. शिवणवाल्या काकूंना एकटं एकटं वाटतं. दातांच्या डॉक्टरांशी जिन्यात कुणी बोलत नाही. रोज संध्याकाळी आजींच्या खोलीत तालीम सुरू झाली.

"काकू, डोळ्यांना पदर लावा. अहो, डोळ्यांना! नाकाला नाही!"

"आजी, डॉक्टर वेडीवाकडी तोंडं करतात, मला हसू येतं!"

"माझा चेहराच असा आहे हो," डॉक्टर म्हणत. "पेशंटसुद्धा तक्रार करतात."

हसून हसून काकूंच्या बरगड्या दुखायला लागल्या. मग चहा होई. मग उरलेल्या मजल्यांवरचेही बघायला येऊ लागले. इमारत इतकी सुखी कधीच नव्हती!

पाहणीच्या दिवशी सगळे आजींच्याच घरी जमले आणि दारात एक किडकिडीत, सुकलेल्या चेहऱ्याचे साहेब उभे राहिले. हातात कागद आणि चेहरा असा, जणू स्वतःच्याच तेराव्याला आलेत. आजी वही घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्यामागे दडल्या. अगदी विंगेतल्यासारखं वाटलं त्यांना.

"इथे राहून कसं वाटतं?" साहेबांनी घड्याळजींना विचारलं.

घड्याळजींनी तोंड उघडलं. शब्द काही येईना. कान लाल झाले.

पडद्यामागून सवयीने आवाज आला, "मला झोप..."

"मला झोप," घड्याळजी म्हणाले.

"लागत नाही."

"लागत नाही."

"सुस्कारा टाका!"

"सुस्कारा टाका!" घड्याळजी ठणठणीत आवाजात म्हणाले.

साहेबांनी इमानेइतबारे सुस्कारा टाकला! मग दचकून पडद्याकडे पाहिलं. "आत कोण आहे?"

"कुणी नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "या इमारतीत कुणी कुणाशी बोलतच नाही."

"अहो, असं काय?" घड्याळजी दुखावले. "काल मध्यरात्रीपर्यंत पत्ते खेळलो की आपण! तुम्ही राजा लपवलात!"

"मी लपवला? मी?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला, पण खांदे गदागदा हलत होते ते हसण्याने. आणि आजींनी काय करावं? नाटक कोसळताना बघून त्या पडदा सारून बाहेरच आल्या. "अहो डॉक्टर, तुमचं वाक्य अजून यायचंय! तिसऱ्या पानावर!"

मग साहेब हसले. हसले म्हणजे काय, खुर्चीवरून घसरले! काकूंनी पाणी दिलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. डोळे पुसत साहेब म्हणाले, "सहा महिन्यांत आज पहिल्यांदा हसतोय. दुःखी माणसं मोजून मोजून जीव विटला होता." जेवायला थांबले. पत्त्यांचे दोन डाव हरूनच गेले.

निकाल पेपरात आला. शहरातली सर्वांत सुखी इमारत! दाराला पितळी पाटी बसली. मागणी मान्य झाली ती नाल्याकाठच्या इमारतीची. तिथल्या लोकांनी म्हणे साहेबांना दारातच उभं ठेवलं आणि कुत्रं सोडलं.

"कसं अस्सल काम!" आजींनी मोठ्या मनाने दाद दिली. पण त्या संध्याकाळी तालमीच्या खोलीत त्यांनी दिवा लावला नाही.

गुरुवारी सकाळी दारात टॅक्सी थांबली. आतून दोन पिशव्या, एक उशी आणि ताई उतरली!

"पेपरात वाचलं," ती म्हणाली. "एवढं सुख इथे, आणि मी तिकडे भिंतीशी बोलत बसू? सुनेला सांगून आले, आता मी इथेच राहणार."

आजींच्या डोळ्यांना खरं पाणी आलं, कुणी न पुरवता. त्या दिवशी दोघी सबंध दुपार बोलत राहिल्या.

दोन दिवसांनी ताईने डबे बदलून ठेवले. चौथ्या दिवशी रेडिओचा कान पिळून आवाज मोठा केला. आठव्या दिवशी जेवायला बसल्यावर सगळ्यांदेखत सांगितलं की हिच्या हाताला पहिल्यापासूनच मीठ कळत नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी आजी अर्ज घेऊन नगरपालिकेत हजर झाल्या. साहेबांनी उठून खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि चक्रावले.

"बसथांबा? पण आजी, आता तर तुमच्या ताई तुमच्याकडेच राहतात ना?"

"म्हणूनच तर घाई आहे!" आजी म्हणाल्या.