वसुधाकाकूंचे गाववाले

अमेरिकेतला एखादा म्हातारा नट वारला की आमच्या वरच्या मजल्यावर त्या दिवशी फोडणी पडत नाही. मऊ भात, मीठ, तूप. बास. जिन्यात भेटल्या की वसुधाकाकू आवाज खाली आणून म्हणतात, "गेला गं. आमच्याकडचा होता."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, "जवळचे होते का?"

"छे! मी तिथे जायच्या कितीतरी आधीच गाव सोडून गेला होता तो. सुतक नाही गं, पण गावचा माणूस गेल्यावर कढईत तेल तापवायला बरं वाटत नाही."

हे गाव म्हणजे भोर असेल असं तुम्हाला वाटेल, कारण काकू जन्मानं भोरच्या. पण भोरचं नाव मी त्यांच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. लग्न होऊन त्या थेट न्यू जर्सीतल्या युनियन सिटी नावाच्या गावात उतरल्या आणि पुढची तीसेक वर्षं तिथेच राहिल्या. समोर हडसन नदी, पलीकडे न्यूयॉर्कच्या इमारती, आणि अलीकडे कड्यावर हे एवढंसं गाव. मैल-सव्वा मैलाची जागा आणि त्यात एका मोठ्या तालुक्याची माणसं. "एका खिडकीत शिंकलं तर चार खिडक्यांतून आशीर्वाद यायचे," काकू सांगतात, "आणि चारही वेगळ्या भाषांतून."

काका नदीपलीकडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होते आणि काकू भरतकामाच्या कारखान्यात. मोठाल्या यंत्रांवर लेस विणली जायची, तिच्यात सुटलेले टाके काकू भरायच्या. काका गेले, मुलगा नितीन इथे जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या गाडीच्या कारखान्यात लागला आणि आईला घेऊन आला. आता नितीन मीटिंगांमध्ये असतो, सून एश्बॉर्नला कन्सल्टंट आहे, नात इराला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. आणि काकू आम्हाला युनियन सिटीची थोर माणसं सांगत असतात.

टीव्हीवर मुष्टियुद्ध लागलं की आमच्याकडचा एक मुष्टियोद्धा. कुणी गायला लागलं की आमच्याकडची एक गाणारी. नाटककार, बेसबॉलवाला, कसल्याशा यंत्राचा संशोधक, दोन सिनेटर आणि एक बऱ्यापैकी गाजलेला गुंड. गुंडाबद्दल त्या जरा हळू बोलायच्या, पण गाळायच्या नाहीत.

गावकीत घ्यायचे त्यांचे नियम उदार होते. तिथे जन्मला तो पक्का. तिथल्या शाळेत गेला तोही पक्काच. चार महिने भाड्यानं राहिला? "तिथलं पाणी प्यायलाय ना? मग आमचाच." एका नटाची नुसती मावशी तिथे राहायची. तोही यादीत होता. "मावशीकडे उन्हाळ्यात येत नसेल का पोरगं? काहीतरीच विचारतेस."

हसू येतं खरं, पण याच उदारपणावर मी इथे उभी राहिले. मी नोकरीला लागून आले ती नोव्हेंबरात. घर मिळेना. घर नाही म्हणून आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी नाही, ती नाही म्हणून बँक खातं नाही, असं सगळं एकमेकांच्या शेपट्या धरून बसलं होतं. या इमारतीतला खालचा फ्लॅट बघायला आले तेव्हा घरमालक शेफरसाहेब माझे कागद पुन्हा पुन्हा चाळत होते. जिन्यावरून एक नऊवारीच्या वयाची बाई ट्रॅकपँट आणि स्वेटर घालून उतरली. तिनं मला मराठीत विचारलं, "कुठली गं?"

"कुरुंदवाडची."

तिनं मान डोलावली आणि शेफरसाहेबांकडे वळून कमरेवर हात ठेवून जर्मनमध्ये काहीतरी ठणकावलं. शेफरसाहेब आधी दचकले, मग हसत सुटले. मला फ्लॅट मिळाला.

काकूंचं जर्मन त्या भरतकामाच्या कारखान्यातलं होतं. मालक म्हातारा जर्मन. त्याच्याकडून त्या शिकल्या ते सगळे शब्द धाग्याचे, ताणाचे आणि शिव्यांचे. "धाग्याला फाडन म्हणतात बघ," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आपण फाडतो, ते शिवतात." शेफरसाहेबांना त्या काय म्हणाल्या ते मला पुढे भाषा आल्यावर कळलं. 'पोरगी चांगल्या पिळाची आहे, तुटणार नाही, मूर्खासारखं बघत काय बसलायस.'

त्या हिवाळ्यात मला फ्लू झाला तेव्हा आठवडाभर पेज त्यांनी खाली आणून दिली. पेजेबरोबर तोंडी लावायला गुंडाची गोष्ट.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या गणपतीत एक प्रकार झाला.

आमचं मराठी मंडळ एक हॉल भाड्यानं घेतं. आरती झाली, जेवणं झाली, आणि केदारनं माइक घेतला. केदार म्हणजे मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. वाईट माणूस नाही, पण प्रत्येक वाक्य फोनवर तपासून बघायची त्याला खोड. "आता एक खेळ," तो म्हणाला. "मी नाव सांगणार, आणि वसुधाकाकू सांगणार हा त्यांच्या गावचा की नाही!"

टाळ्या पडल्या. काकू पदर सावरून पुढच्या खुर्चीत बसल्या. पहिलं नाव आलं. "आमचा!" दुसरं. "आमचाच, चौथीपर्यंत होता." काकूंचा चेहरा फुलला होता. एवढी माणसं पहिल्यांदाच त्यांचं गाव ऐकत होती. मग केदारनं एक लांबलचक इटालियन नाव घेतलं. काकू क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, "हो तर! आमच्याकडचाच. फार गुणी माणूस."

"काकू," केदार म्हणाला, "हा माणूस कधी झालाच नाही. हे नाव मी आज सकाळी बनवलं!"

सगळा हॉल हसला. मीही हसले. काकूसुद्धा हसल्या. "फसवलंस की रे," म्हणाल्या. मग खुर्चीतून उठल्या आणि भांडी विसळायला गेल्या. इरा त्यांच्या मागून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर युनियन सिटी बंद झालं. महिनाभरानं एक प्रसिद्ध अमेरिकन गायक वारला. बातम्यांत तेच चाललं होतं, आणि आमच्या जिन्यात लसणाच्या फोडणीचा वास दरवळत होता. मी वर जाऊन विचारलं, "काकू, हे तुमच्याकडचे ना?"

"असेल बाई," त्या कढईवरून मान वर न करता म्हणाल्या. "मला काय ठाऊक. आता फोनवर सगळं असतं."

मी नितीनदादाला म्हटलं, "आई गप्प गप्प असतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर, मलाही वाटलं," तो म्हणाला. "पण बीपी नॉर्मल आहे."

मग ऑफिसात डॅनी आला. अमेरिकेच्या शाखेतून तीन आठवड्यांसाठी आलेला, ब्रेकच्या सॉफ्टवेअरवाला, तिशीचा. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये समोर बसला. मी विचारलं, कुठला तू? म्हणाला, "न्यू जर्सी. लहानसं गाव आहे, तुला माहीत नसणार."

"सांग तरी."

"युनियन सिटी."

माझा चमचा सूपमध्येच राहिला. "बर्गनलाइन अॅव्हेन्यूच्या कुठल्या बाजूला?" काकूंच्या गोष्टींतला मुख्य रस्ता आठवून मी विचारलं.

आता त्याचा चमचा थांबला. मी कधी अमेरिका पाहिलेली नाही, पण पुढची दहा मिनिटं मी त्याला त्याच्याच गावची थोर माणसं सांगत होते. मुष्टियोद्धा, गाणारी, दोन्ही सिनेटर. त्याला त्यातले जेमतेम दोघे माहीत होते. गुंडाचं ऐकून तो फार खूश झाला.

रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं आणि वर जाऊन काकूंना आमंत्रण दिलं. मला वाटलं होतं त्या नाचतील. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"कशाला बोलावलंस गं त्याला?"

"काकू, तुमच्या गावचा आहे!"

"म्हणूनच विचारते. त्यानं म्हटलं असं काही नव्हतंच, तर मग मी काय करू?"

मी म्हटलं, "मला कोंबडीचं सुकं तुमच्यासारखं जमत नाही." त्यावर त्या उठल्या.

रविवारी दुपारी त्या ठेवणीतली साडी नेसून खाली आल्या, आणि डॅनीसमोर मुलगी दाखवायला आणल्यासारख्या बसल्या. एकाही थोर माणसाचं नाव काढलं नाही. इंग्रजीत बारीक आवाजात विचारलं, "अठ्ठेचाळिसाव्या गल्लीच्या कोपऱ्यावरची बेकरी आहे का अजून?"

"ती बंद झाली. आता तिथे फोनचं दुकान आहे."

"आणि बसथांब्यामागचा तो वाकडा जिना?"

"तो आहे!" डॅनी म्हणाला. "अजून वाकडाच आहे. मी त्यावरून पडलोय."

"सगळेच पडतात," काकू म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग त्यानं सांगितलं की त्याची आजी क्यूबाहून आली तेव्हा तीही भरतकामाच्या कारखान्यात होती. तिथे आता सकाळचे नऊ वाजले असतील, चर्चला निघायच्या आधी आजी घरीच असेल. आम्ही काही म्हणायच्या आत त्यानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कपाळ, मग मोठ्या चष्म्याची एक म्हातारी.

आणि वसुधाकाकू स्पॅनिश बोलायला लागल्या.

मी इतकी वर्षं त्यांच्या खाली राहते, पण हे कधी ऐकलं नव्हतं. नितीनदादा त्यांचा मुलगा. तो उशिरानं जेवायला आला होता, तो दारातच उभा राहिला. "लहानपणी ऐकलं होतं," तो हळूच म्हणाला, "पण आईला अजून येतं हे..." येतं म्हणजे काय, धबधबा होता. हातवारे, टाळ्या, मध्येच भुवया. आवाजसुद्धा वेगळा, वीस वर्षांनी लहान. मला एक अक्षर कळत नव्हतं. डॅनी हसत हसत सांगत होता. दोघींचे कारखाने शेजारच्या गल्ल्यांत होते, दोघींना यंत्रांच्या आवाजानं एका कानानं कमी ऐकू येतं, आणि दोघी कधीही भेटलेल्या नव्हत्या. सुकं गार झालं.

एकदाच काकूंचा आवाज बदलला. त्यांनी एक नाव घेतलं, एल्सा. पलीकडच्या आजी विचारात पडल्या, मग नाही म्हणाल्या, मग बोट वर करून काहीतरी सांगितलं. डॅनी म्हणाला, "आजी चर्चमध्ये विचारणार आहे."

पुढच्या आठवड्यात एल्सा सापडली. मैलभराच्या गावात माणूस हरवायला जागा कुठे असते? ती मायामीला मुलीकडे राहायला गेली होती. डॅनीच्या आजीनं तिचा नंबर पाठवला. काकूंनी फोन लावला, आणि बराच वेळ दोघीही नुसत्या एकमेकींचं नाव घेत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा त्या चहा टाकत होत्या. मी विचारलं, "एल्सा कोण, काकू? कधी सांगितलं नाहीत."

"माझ्या शेजारच्या मशीनवर होती. टाका भरायला तिनं शिकवलं, स्पॅनिशसुद्धा तिचंच. नितीनचे बाबा गेले ना, तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता. ही बाई चार जिने चढून आली आणि महिनाभर माझ्या शेजारी जमिनीवर झोपली. तिची स्वतःची तीन पोरं घरी होती." त्यांनी आलं ठेचलं. "इथे आल्यावर घरं बदलली, फोन बदलले, आणि ती सुटली माझ्या हातून."

"मग तुम्ही आम्हाला नट आणि सिनेटर का सांगत बसलात इतकी वर्षं?"

काकू जराशा ओशाळल्या. "अगं, एल्सा म्हटलं तर तुम्हाला कोण कळणार? कोण एल्सा, म्हणाल आणि विषय संपेल. मोठ्या माणसांची नावं निदान ऐकलेली असतात. एक नाव ओळखीचं निघालं की मग मला अजून थोडा वेळ गावाबद्दल बोलता येतं." मग म्हणाल्या, "केदारचं काही चुकलं नाही. मला पाल्हाळ लावायचं होतं एवढंच."

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. घर, पेज, ते ठणकावलेलं जर्मन. "काकू, तुम्ही नसता तर," मी म्हणायला लागले.

"पुरे," काकू म्हणाल्या. "तू सांग आता. तुझ्या घरासमोर कोण राहायचं?"

इतक्या वर्षांत मला परदेशात हे कुणी विचारलं नव्हतं. "कुसुमआत्या," मी म्हटलं. "शाळेची घंटा द्यायची. पण घंटा दिल्यावर फाटक लावायला इतकी हळू चालत जायची की धावत येणारी पोरं आत पोचायचीच. हेडमास्तर ओरडायचे. तर ती म्हणायची, गुडघे दुखतात. आणि संध्याकाळी तीच बाई नदीवर घागर भरून धावत..."

"थांब, थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. "पहिल्यापासून सांग. दिसायला कशी होती?"