साहेबांच्या नावाची माशी

संग्रहालयाच्या माशी विभागात पाठीवर एक राठ केस जास्त असलेली माशी आढळली, ही बाब तशी गंभीर नव्हती. या गटातली माशी सुरवंटाच्या अंगावर अंडं चिकटवते. त्यातली अळी सुरवंटात शिरते आणि त्याला आतून खाऊन मोठी होते. अशा माश्यांच्या जाती अफाट, आणि दिसायला सगळ्या एकाच माळेचे मणी. वेगळ्या करायच्या त्या अंगावरचे केस मोजून. हे काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘केसमोजे’ म्हणत. एखादा केस इकडे-तिकडे व्हायचाच, हे त्यांना ठाऊक होतं. माशी जुन्याच जातीची होती.

पण केसमोजे हंगामी होते. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव संचालकांच्या टेबलावर पडून होता, आणि संचालक निवृत्त होत होते.

हेडक्लार्कने सुचवलं, की साहेबांना घड्याळ देऊ नये, घड्याळ बंद पडतं. माशीला त्यांचं नाव द्यावं.

“एका केसावर नवी जात?” केसमोजे म्हणाले.

“तुमची नोकरी त्याच केसाला लटकलीय. उगाच नाकानं कांदे सोलू नका.”

जात जाहीर झाली. निरोप समारंभात केसमोज्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन वाचलं: हिची अळी दुसऱ्याच्या पोटात शिरते, आधी चरबी खाते, आणि खाणं लवकर संपू नये म्हणून जिवाला लागणारे अवयव शेवटपर्यंत राखून ठेवते.

संचालकांनी डोळे टिपले. “माझ्या कारकिर्दीचं इतकं नेमकं मूल्यमापन आजवर कुणी केलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि प्रस्तावावर ‘योग्य वाटते, पुढील साहेबांनी पाहावे’ असा शेरा मारून घरी गेले.

पुढील साहेब म्हणजे उपसंचालक. त्यांचं म्हणणं रास्त होतं: निवृत्त माणसापेक्षा सेवेतल्या माणसाच्या माशीला निदान दोन केस जास्त असावेत. मग लेखापालांची माशी झाली, भांडारपालांची झाली. घरी केसमोज्यांची बायको म्हणाली, “अहो, परक्यांना माश्या वाटत सुटलाय, माझ्या भावाला एक नाही?” मेहुण्याची झाली. जादा केसांच्या माश्या संपल्या, तेव्हा केसमोज्यांनी चिमटा घेऊन केस उपटायला सुरुवात केली. पार टक्कल पडलेली माशी स्वच्छता निरीक्षकांना मिळाली. आपल्या खात्याची दखल घेतली गेली म्हणून ते भारावले.

विविधतेत झालेली ही वाढ वरपर्यंत कळली. प्रत्येक जातीची एकच माशी शिल्लक आहे असं लक्षात येताच सगळ्या जाती दुर्मिळ ठरल्या आणि त्यांच्यासाठी संरक्षण कक्ष निघाला. माश्या जगायच्या तर सुरवंट हवेत, सुरवंट जगायचे तर कोबी हवा. सबब, कोबीवरचा सुरवंट उचलणं हा गुन्हा झाला. घरोघरी कोबी येऊ लागला तो नुसती भोकं होऊन, मध्ये मध्ये पान.

शेवटी लोक भोकांचे कोबी हातात घेऊन संग्रहालयावर चालून आले. पुढे एक शिक्षिका होत्या. त्यांनी खिडकीखालून विचारलं, “आमचा कोबी सुरवंटांनी खायचा, सुरवंट माश्यांनी खायचे. या माश्या आहेत तरी कुणाच्या?”

केसमोजे पेचात पडले. सगळ्या मिळून जात एकच, असं म्हणावं तर नोकरी जाते. न म्हणावं तर खिडकीची काच. ते बाहेर वाकले आणि अगदी हळहळून म्हणाले, “तुमच्या नावाची अजून एकही नाही, बाई. चुकलंच आमचं.”

बाईंनी कोबी खाली ठेवला.

“रांग कुठून आहे?” त्यांनी विचारलं.

केसमोजे त्याच आठवड्यात कायम झाले. रांग असेपर्यंत त्यांना काढणं प्रशासनाला परवडणार नव्हतं, आणि रांग काही संपत नाही. तुम्ही त्या रांगेत नव्हता, हे कबूल. तुम्ही आतली ओळख काढून फोन केला होता, आणि नाव सांगण्याआधी विचारलं होतं, की शेजाऱ्याच्या माशीला केस किती आहेत.