टेबलावरची तीन खोकी

सुनेने जेवणाचं टेबल बळकावलं ते बळकावलं, वर विचारलंसुद्धा नाही! आठ दिवस सगळं घर मांडीवर ताट घेऊन जेवत होतं, आणि टेबलावर ऐटीत बसली होती तीन काचेची खोकी. प्रत्येकात एकेक मीटर.

"यात आहे तरी काय एवढं?" कमरेवर हात ठेवून सासूबाईंनी विचारलं.

"आई, हवेत कार्बनचा वायू वाढलाय ना, तो परत कशाने काढून घ्यायचा याची क्रमवारी लावतेय. शुक्रवारी साहेबांना दाखवायचीय. माझी बढती त्यावर आहे. इथे दगडाची भुकटी, इथे वायू शोषायच्या यंत्रात वापरतात ते पांढरे दाणे. कोण किती खातो, खाल्लेलं किती वर्षं पोटात ठेवतो, किती जागा अडवतो, सगळं बघायचं."

"एवढंच? मी तीस वर्षं तिन्ही जावयांची क्रमवारी अशीच लावतेय!"

तिसऱ्या खोक्यात मिरचीचं रोप होतं. सासूबाईंनी स्वतः वाढवलेलं! दुसरीत शाळा सुटली असली तरी रोपांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे.

"माझं रोप पहिलं येणार! आलं की खोकी माळ्यावर. नाही आलं तर टेबल कायमचं तुझं!"

"चालेल. फक्त झाकणं उघडायची नाहीत."

हे इतरांसाठी असणार, असं सासूबाईंनी मनाशी ठरवलं.

सुनेने तिन्ही खोक्यांत सारखा वायू सोडला, आत किती वायू आहे ते दाखवणारे मीटर हजारावर आणले आणि ती कामाला गेली. लगेच सासूबाईंनी रोपाचं झाकण उचललं, पाणी घातलं, आणि मान आत घालून अर्धा तास धीर दिला. "त्या दाण्यांना ना मूळ, ना खोड. घाबरायचं नाही. खा पोटभर!"

संध्याकाळी दाण्यांचा मीटर चारशेवर. दगड नऊशे नव्वदवर ठिय्या देऊन. आणि रोप? एकोणीसशे!

"हे खायचं सोडून ओकतंय की!" मुलगा म्हणाला. "आई, तुझी माती सडली असेल."

"माझी माती सडकी? तुझं डोकं सडकं! मीटर फितूर झालाय!"

सुनेने मीटरची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माती बदलली आणि रोपाला धीर द्यायचा वेळ वाढवून एक तास केला. मीटर सव्वीसशे!

सून रडवेली झाली. "साहेब म्हणतील, हिला साधी तीन खोकी सांभाळता येत नाहीत!"

शुक्रवार उजाडला. सुनेने तिन्ही मीटर पुन्हा हजारावर आणले, लॅपटॉप उघडला, कॅमेरा खोक्यांकडे वळवला, पडद्यावरच्या साहेबांना नमस्कार केला आणि कागद आणायला आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात सासूबाई तरातरा आल्या. लॅपटॉपकडे बघतंय कोण! त्यांनी झाकण उचललं आणि डोकं खोक्यात.

"मेल्या, घराण्याचं नाक कापलंस! पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याचे हे पांग फेडलेस? सुनेपुढे मान खाली घालायला लावतोस?"

मीटर सरसर चढला. अठराशे! बावीसशे! तीन हजार!

"आजी, आणखी थोडं बोला," कोणीतरी म्हणालं.

सासूबाई ताडकन सरळ झाल्या. "कोण ते?"

"मी हिचा साहेब. रोपाचा आकडा का चढतो ते आत्ता कळलं. आपल्या श्वासातून हाच वायू बाहेर पडतो. तुम्ही बोलत राहिलात तर एवढंसं रोप खाऊन खाऊन किती खाणार?"

सून कागद घेऊन दारात थिजली होती. तिच्यामागे मुलाने तोंडात रुमाल कोंबला.

"काम चोख आहे तुमचं," साहेब सुनेला म्हणाले. "रोपाची चाचणी तेवढी परत करा. झाकणाला चिकटपट्टी लावून!"

सासूबाईंनी झाकण हळूच बसवलं, चष्मा सारखा केला आणि सुनेकडे वळल्या.

"आधी लिहून घे, रोपाचं काही चुकलेलं नाही. आणि तुझ्या यादीत एक उपाय राहिलाय बघ, मी गप्प बसणं! खर्च नाही, जागा नाही. पण त्याला शेवटचाच नंबर दे गं बाई, दोन दिवससुद्धा टिकायचा नाही तो! टेबल घे तुझं."