डोंगरभर सासर

आमच्या डोंगरावरचं एकही झाड, फूल, पालापाचोळा असा नाही जो मला ओळखता येत नाही. किर्गिझस्तानातल्या तलासच्या शाळेत मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पान दाखवा, नाव सांगते. नुसतं देठ दाखवा, तरी सांगते. वसंतात बिश्केकहून बसभर मंडळी फुलं बघायला येतात. त्यांना डोंगर दाखवायचं काम यंदा माझ्याकडे आलं ते काही उगीच नाही. ज्ञानाची अडचण नव्हतीच. अडचण होती सासरची.

आमच्यात सुनेनं नवऱ्याचं आणि सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव घ्यायचं नाही. त्यात काय एवढं, म्हणाल. पण आमच्या आजेसासूबाईंना तिन्ही मुलगे वसंतातच झाले, तेही याच डोंगरावरच्या तंबूत, आणि बाहेर पडल्यावर पहिलं जे दिसलं तेच त्यांनी बाळाला नाव ठेवलं. थोरल्याच्या वेळी ट्यूलिप दिसला, म्हणून जोगाझिन. मधल्याच्या वेळी जुनिपरचं झुडूप, म्हणून आर्चा. धाकट्याच्या वेळी इश्किन, म्हणजे जाड लाल देठांची रानभाजी, अंबाडीला गोड म्हणायला लावेल इतकी आंबट. हे धाकटे म्हणजे माझे सासरे. (मी लिहितेय, उच्चारत नाहीये. लिहिलेलं चालतं असा निकाल माझा मीच दिलाय. सासूबाई चष्म्याशिवाय वाचत नाहीत.)

"जा की," सासूबाई म्हणाल्या. "मीही येते. पण यातलं एक नाव जरी, कुठल्याही भाषेत, तुझ्या तोंडातून निघालं, तर पुढच्या वर्षी मंडळींना शेजारीण नेईल आणि तू घरी कणीक मळशील."

मला हे काम जिवापाड हवं होतं. वर्गात मी फुलाबद्दल बोलायला लागले की मुलं खिडकीबाहेर बघतात. इथे चांगली मोठी माणसं एका पाकळीसाठी गुडघे टेकतात. म्हणून मी कबूल झाले.

सगळ्यात पुढे मी, माझ्या अगदी पाठोपाठ सासूबाई, मागे पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागून किटल्या नि बोर्सोक लादलेलं गाढव हाकत मामंजी. बोर्सोक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, शंकरपाळ्यांचे फुगीर चुलतभाऊच म्हणा ना.

पहिल्या वळणावरच लालभडक उतार लागला. साबिरा-एजे (एजे म्हणजे ताई) नावाच्या एक निवृत्त दंतवैद्यीण बाई होत्या, त्यांनी विचारलं, "हे कोणतं गं फूल?"

पाठीमागे सासूबाईंचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"हे आमच्या थोरल्या चुलतसासऱ्यांचं."

"त्यांनी लावलं?"

"नाही, म्हणजे... हे तेच."

"कुठे असतात ते?"

"वारले."

साबिरा-एजेंनी टोपी काढली. "आणि ते झुडूप?"

"ते मधले."

"तेही?"

"तेही वारले."

मागे कुजबुज पसरत गेली. फोटो काढणं बंद झालं. सगळी मंडळी फुलं चुकवत एका ओळीत चालू लागली आणि थोड्या वेळात सगळ्यांनी उकिडवं बसून, तोंडावरून हात फिरवून आमच्या घराण्यासाठी प्रार्थना केली. काय बोलणार? मीही केली. सासूबाई मात्र खूश होत्या. "बघ, किती मान देतात," म्हणाल्या.

जरा वर गेल्यावर साबिरा-एजेंनी अगदी दबक्या आवाजात लाल देठांकडे बोट दाखवलं. "आणि हे बिचारे?"

"हे आमचे मामंजी. पण ते आहेत. मागून गाढव घेऊन येताहेत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खालून धुकं चढत होतं. धुक्यातून गाढव आलं. एकटंच.

उजव्या हाताला ओढ्याची कड आहे आणि मामंजींना उजव्या डोळ्यानं फारसं दिसत नाही. "मामंजी!" मी ओरडले. पुन्हा ओरडले. तोवर पाहुण्यांनी गाढवावरची पिशवी उघडून एकेक गोळा तोंडात टाकलाही होता. धीर येतो म्हणे त्यानं.

"नाव सांग त्यांचं," साबिरा-एजे म्हणाल्या, "सगळे मिळून हाक मारू."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मी त्या लाल देठांकडे हात केला. "ते हो, इथलंच, खायचं..."

साबिरा-एजेंनी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं आणि छाती भरून हाक दिली, "बोर्सोक!"

अख्खी बस ओरडायला लागली. डोंगरातून बोर्सोक, बोर्सोक घुमत राहिलं. कडेवरून एक दगड सुटून खाली गेल्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला बाजूला ढकलून त्या धुक्यात शिरल्या.

"इश्किन! अहो इश्किन!"

मी जागच्या जागी खिळले. पाहुणे मात्र खिळले नाहीत. "कुठे? कुठे आहे?" करत ते वाटेतली देठं उपटायला धावले. शहरात ती मिळत नाहीत ना.

"इश्किन!" सासूबाई आता रडत होत्या. "बोला ना हो!"

चार पावलांवरच्या झुडपामागून मामंजी उठून उभे राहिले, हातात बुटाची नाडी.

"मेले असते मी," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीत?"

"बोर्सोक बोर्सोक ऐकलं. म्हटलं, चहा चाललाय, सावकाश जाऊ."

"आणि मी मारलेली हाक?"

मामंजी नाडीकडे बघत राहिले. "लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तुझ्या तोंडून. म्हटलं, आणखी एकदा म्हणतेय का बघू."

सासूबाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग उतरेपर्यंत त्यांची बाही सोडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तूच ने या मंडळींना. माझे पाय दुखतात." मला इतकं बरं वाटलं की मीही मामंजींची दुसरी बाही धरली.

खाली गावातून बस निघताना साबिरा-एजेंनी मामंजींचा हात दोन्ही हातांत घेतला. "सुखरूप सापडलात, बोर्सोक-आके. जपून राहा." हे अख्ख्या गावानं ऐकलं. त्या दिवसापासून गाव त्यांना बोर्सोक-आकेच, म्हणजे बोर्सोकदादाच, म्हणतं, आणि ते ओही देतात.

तेव्हा आता आमच्या घरात तो शब्दही बंद झालाय. काल चहाला पाहुणे आले होते. मी ताटली पुढे केली आणि म्हटलं, "घ्या ना, मामंजी गरम आहेत."