दुर्गाघाटाची पूछताछ खिडकी

दत्तात्रय विनायक सप्रे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार दुर्गाघाट, यांच्यावर अन्याय झाला तो कार्तिकात, देवदिवाळीच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती अन्याय झालेल्या माणसानेच लिहून ठेवली. सुशोभीकरणाचा ठेका घेतलेल्या कुणाचे तरी रंगारी, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या काळ्या फळ्यावर पांढरा हात मारायला आले, तेव्हा सप्रेकाका भांडले नाहीत. "दो मिनट रुकिए," म्हणाले. खिशातून खडू काढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: "सूचना. हा फलक आज १०.४५ पासून रद्द करण्यात येत आहे. असुविधेबद्दल खेद आहे." मग बाजूला सरकून रंगाऱ्याला म्हणाले, "हां, अब कीजिए."

रंगाऱ्याने त्या सूचनेवरूनच पहिला हात मारला. ती वाचली फक्त मी. मी शेजारी उभी राहून "शरम करा, शरम करा" म्हणून ओरडत होते. रंगारी म्हणाला, "दीदी, हमको काहे सुना रही हैं? ऊपर से आर्डर है." आता तिथे निळ्या जटांचा, मोठ्ठाल्या डोळ्यांचा एक हसरा साधू आहे. पर्यटक त्याच्या गालाला गाल लावून फोटो काढतात.

बनारस कधी न पाहिलेल्या, बाहेरगावच्या नातवंडांपर्यंतही हे जाईल, त्यांच्यासाठी सांगते. दुर्गाघाट, बालाजी घाट, पंचगंगा, ही आमची जुनी मराठी वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सांड आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. पोरं पुण्याला, बंगळूरला गेली. राहिले म्हातारे, आणि माझ्यासारखे काही डोकं फिरलेले. या म्हाताऱ्यांना जगाची खबर त्या फळ्यावरून मिळायची. फळा म्हणजे भिंतीलाच काळा रंग दिलेला, दाराएवढा चौकोन. रोज सकाळी सातला काका तो ओल्या फडक्याने पुसायचे आणि साडेसातला गल्ली तो वाचायची.

काका आयुष्यभर रेल्वेत, कँट स्टेशनच्या पूछताछ, म्हणजे चौकशीच्या, खिडकीत बसले. निवृत्त झाले तरी खिडकी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. फळ्याची भाषा सगळी स्टेशनची. "दुर्गाघाट नळ पन्नास मिनिटं विलंबाने धावत आहे." "मुळ्यांच्या घरचं हळदीकुंकू निर्धारित वेळेवर. वाण: चाळणी." या शेवटच्या दोन शब्दांवरून मुळ्येकाकू दारात येऊन कडाडल्या, "काका, वाण कुणी आधी सांगतं का हो? मग बायका येतील कशाला?" काका शांतपणे म्हणाले, "आल्यावर निराश होण्यापेक्षा बरं." एकदा एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तर त्यांनी लिहिलं, "लग्न रद्द. पर्यायी व्यवस्थेची घोषणा यथावकाश." मुलीची आई दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. मुलगी मात्र अजून सांगून सांगून हसते.

सरकारी नोटिशींचं मराठी करणं हा त्यांचा खास प्रांत. वॉर्डाच्या कचेरीबाहेर "एतद्द्वारा सर्वसाधारण को सूचित किया जाता है" अशी सुरू होणारी, श्वास न घेता पानभर जाणारी नोटीस लागायची. काका ती डोळ्याला भिंग लावून वाचायचे आणि फळ्यावर लिहायचे, "शनिवारी गटार उपसणार. चपला आत घ्या." संपलं.

पण न पाहिलेली बातमी फळ्यावर चढत नसे. कुणी काहीही सांगितलं की यांचा एकच प्रश्न, "स्वतः पाहिलंस?" एकदा अभ्यंकर मास्तर गेले अशी आवई उठली. लोक फुलं आणायला निघाले. काका काठी टेकत तीन जिने चढून मास्तरांच्या दारात. दार मास्तरांनीच उघडलं.

"काय हो सप्रे, सकाळी सकाळी?"

"काही नाही. तुम्ही आहात ना, तेवढं बघायला आलो."

"आहे की. चहा घेता?"

चहा झाला. फळ्यावर आलं, "अभ्यंकर मास्तर सुखरूप. अफवांवर विश्वास ठेवू नये." त्या दिवशी मास्तरांकडे इतकी माणसं येऊन गेली की संध्याकाळी ते म्हणाले, "मेलो असतो तर इतके आले नसते."

माझं आणि काकांचं भांडण जुनं. मी पत्रकं काढते: तुंबलेली गटारं, बंद शौचालय, घाटावरून हटवलेले फेरीवाले. काका मला "पत्रकबाई" म्हणत. मी नवं पत्रक दिलं की भिंग काढून वाचत आणि म्हणत, "उद्गारचिन्हं सात. कुठे यायचं, किती वाजता, ते कुठाय?" मी म्हणायचे, "काका, लोकांना आधी राग यायला हवा." ते म्हणायचे, "राग येऊन लोक निघाले आणि पत्ता नसला, तर ते परत घरीच जातात, बाई."

फळा पुसला गेला त्याच दुपारी मी तक्रार अर्ज लिहून त्यांच्याकडे नेला. त्यांनी सही केली नाही. "तक्रारीची खिडकी वेगळी होती," म्हणाले. "आम्ही पूछताछवाले." मला इतका संताप आला की मी त्यांना भित्रे म्हटलं. तोंडावर. ते हसले आणि मला वाटीत चिवडा दिला.

पंधरा दिवसांनी जुनी पाइपलाइन बदलायचं काम निघालं. तीन दिवस पाणी बंद. सूचना रीतसर दिली होती, मोबाइलवर. म्हणजे ज्यांच्याकडे चांगला मोबाइल होता, त्यांना मिळाली. घाटेआजींकडे नाही, अभ्यंकरांकडे नाही, मुळ्येकाकूंचा आहे पण तो नातवाचे फोटो बघण्यापुरता. मी त्या दिवशी काय करत होते? साधूच्या भिंतीविरुद्ध घोषणा लिहीत होते. सूचना मलाही आली होती. मी वाचली आणि बोटाने वर सरकवली.

काकांना खबर नळाच्या चावीवाल्याने दिली. आदल्या दिवशी दुपारी काका निघाले. दुर्गाघाटापासून बालाजी घाटापर्यंत, दार दार, जिना जिना. "उद्यापासून तीन दिवस पाणी रद्द. भांडी भरा." घाटेआजी ठार बहिऱ्या. त्यांच्यापुढे काकांनी रिकामी कळशी पालथी करून दाखवली, तीन बोटं दाखवली, तरी आजींना वाटलं काका पाणी मागायला आलेत. त्यांनी आपल्या माठातलं तांब्याभर दिलं. काका ते मुकाट्याने प्यायले, मग खाली जाऊन त्यांनी हातपंपावरून आजींच्या दोन बादल्या भरल्या आणि वर पोचवल्या. अठ्ठ्याहत्तरव्या वर्षी. हे मला नंतर आजींनीच सांगितलं, "दत्तूला तहान फार लागली होती गं, आणि मग उगाच पाणी का आणून देत होता कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराला कुलूप दिसलं. तिसऱ्या दिवशीही. लोक म्हणाले, रुसले असतील. कुणी म्हणालं, नागपूरला भाच्याकडे गेले. मी काय केलं ते आता कबूल करते. मी पत्रक काढलं. मथळा: "अपमान असह्य होऊन सप्रेकाकांनी काशी सोडली!!!" खाली त्यांचं नाव ठळक टायपात, चारदा. घरोघर वाटलं. सगळ्यांनी वाचलं, सगळे हळहळले. दोन जिने चढून कुलपाजवळ जाऊन शेजारच्यांना विचारावं, असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

नवव्या दिवशी पंचगंगेच्या पायऱ्यांवर रामजी नाववाल्याने मला हटकलं. "दीदी, चाचा कैसे हैं अब?"

"कौन चाचा?"

"अरे, रेलवे वाले चाचा. हमही तो ले गए थे."

पाणी बंद झालं त्याच पहाटे काका आपल्याच जिन्यावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. दूधवाल्याने पाहिलं. गल्ली पाइपलाइनसाठी खणलेली, खाटही जाईना. म्हणून दूधवाला आणि रामजी त्यांना खुर्चीत बसवून मागच्या वाटेने घाटावर घेऊन गेले आणि नाव पुढच्या घाटाला लावून इस्पितळात पोचवलं. कुलूप रामजीने लावलं. त्याने विचारलंही होतं, चाचा, मोहल्ले में किसको बता दें? काका म्हणाले होते, "तू आपला धंदा बघ. आमच्याकडे कळतं सगळ्यांना." दूधवाला दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला गावी गेला. झालं.

मी धावत गेले. हाडांचा वॉर्ड, दाराजवळची खाट. काका निम्मे झाले होते. मी दिसताच आधी त्यांनी वॉर्डाची बातमी दिली, "डॉक्टरांची फेरी चाळीस मिनिटं विलंबाने आहे." बाजूच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "चाचा के आने से हम लोगों को सब टाइम मालूम रहता है."

मग त्यांनी विचारलं, "पाणी आलं?"

"आलं, काका."

"किती वाजता?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काका, निरोप का नाही दिलात? माझा नंबर होता तुमच्याकडे."

"कळवायची सवय आहे मला," ते म्हणाले. "पण स्वतःचं कसं कळवायचं ते जमेना. काय लिहायचं? सप्रे पडले? कुणाला वाटेल, बोलावतोय." मग म्हणाले, "चार वाजता भेटीची वेळ होते. लोकांच्या चपला वाजतात बाहेर. पहिले दोन-तीन दिवस मी उशी जरा उंच करून घेत होतो. मग त्या सिस्टरला म्हटलं, राहू दे."

माझ्या पिशवीतून पत्रकाचा गठ्ठा डोकावत होता. त्यांनी हात पुढे केला. मी द्यायला नको होतं, पण दिलं. भिंग घरी राहिलं होतं. कागद नाकाजवळ धरून त्यांनी सगळं वाचलं, स्वतः काशी सोडून गेल्याची बातमीसुद्धा. मी वाट बघत होते, आता विचारतील, स्वतः पाहिलंस? विचारलं नाही. कागदाची घडी घातली, उशाखाली ठेवली आणि म्हणाले, "नाव ठळक आलंय. छान छापलंय."

मी आजवर पुष्कळांना जाब विचारलाय. ठेकेदाराला विचारणार आहेच; त्या भिंतीचं मी बघते, ते माझ्यावर सोडा. पण नऊ दिवस त्या खाटेपाशी कुणी गेलं नाही, त्याला कुठला ठेकेदार जबाबदार? त्या माणसाने तुमच्या नळाची, तुमच्या बारशाची, तुमच्या बापाच्या तेराव्याची वेळ वर्षानुवर्षं तुमच्या दारापर्यंत आणली. तुम्ही त्याच्या कुलूपबंद घराखालून भाजी घेऊन गेलात. मीही गेले.

म्हणून हे पत्रक. सरकारी इस्पितळ, दुसरा मजला, पुरुषांचा हाडांचा वॉर्ड, दारातून शिरताच डावी खाट. भेटीची वेळ दुपारी चार ते सहा. फळं नेऊ नका, ती तिथे सडतायत. अभ्यंकर मास्तरांना जिना उतरवून न्या. घाटेआजींना रिक्षेत बसवा. आणि खाटेशी बसून हळहळू नका. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे काय शिजलं, ते सांगा, निदान तासभर सांगा. उद्या नको. आज चारला जा.