रजेवरच्या कारकुनाचा तंबू

दाखले कार्यालयातल्या कारकुनाने सायकलने समुद्रापर्यंत जाण्यासाठी रजा मागितली आणि साहेबांनी ती हसतमुखाने मंजूर केली. असं त्या कार्यालयात पूर्वी कधी घडलं नव्हतं, तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं. "खुशाल जा," साहेब म्हणाले. "फक्त संपर्कात राहा."

लग्न झाल्यापासून नवराबायको कुठेच गेले नव्हते. त्यामुळे तयारी दोघांनी मन लावून केली. दोन्ही सायकलींना दणकट कॅरियर बसवले, बाजूंना पावसात न भिजणाऱ्या पिशव्या लटकवल्या. तंबू तिने निवडला. दोघांपुरता, हलका, काखेत मारून नेता येईल असा.

संपर्कात राहायचं म्हणून लॅपटॉप घ्यावा लागला. त्याला वीज हवी म्हणून पुढच्या चाकात डायनॅमो बसवला. वीज आहेच, तर प्रिंटर का नको, अशी पृच्छा साहेबांनी केली. प्रिंटर आल्यावर शिक्का कपाटात निजवून ठेवणं हा जनतेचा द्रोह ठरला असता. शिक्का उघड्यावर नेता येत नाही, सबब लोखंडी पेटी आली. पेटीला जागा व्हावी म्हणून स्टोव्ह आणि पातेली उतरवली गेली. अर्जदारांना उन्हात उभं करणं नियमात बसत नसल्याने हलका तंबू परत करून पुढे मांडव असलेला मोठा तंबू घेण्यात आला. खुद्द कार्यालयाबाहेर लोक आजन्म उन्हातच उभे होते. पण ती इमारत या नियमाच्या आधीची होती.

"मग मी झोपू कुठे?" बायकोने विचारलं.

कारकुनाने साहेबांकडून खुलासा मागवला. सरकारी शिक्क्यासोबत खासगी व्यक्तीला रात्री राहता येणार नाही, असं कळलं. त्याने ते तिला खाली मान घालून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिने स्वतःपुरता एक छोटा तंबू आणला.

निघाले मात्र दोघं बरोबरच. गावाबाहेर कालव्याच्या पुलाजवळ त्याच्या मागच्या चाकाच्या तारा पटापट तुटल्या आणि चाकाचा पापड झाला. चाक दुरुस्त होईपर्यंत तंबू ठोकणं भाग होतं. ठोकून होतो न होतो तोच लोक येऊ लागले. कार्यालयाच्या दारावर पाटी लागली होती, की कारकून रजेवर असल्याने कामासाठी त्यांना वाटेत गाठावे. खिडकी काटकसरीखातर बंद करण्यात आली होती.

तिने पुलावर बसून दुपारपर्यंत वाट पाहिली. चाक दुरुस्त होऊन आलं, तरी रांग संपेना. शेवटी ती खाली आली आणि थेट मांडवाकडे निघाली.

"जरा वाट द्या. मी त्यांची बायको आहे."

"आम्हीही कुणाचे तरी कुणी आहोतच की, बाई," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "मागून या."

आत कारकुनाचा शिक्का धरलेला हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. उठावं असं त्याला वाटलं असावं, कारण तो बसल्या जागी थोडा पुढे सरकला. तेवढ्यात तोच आवाज पुन्हा आला, की रजेवर आहात म्हणून काय झालं, हात चालू द्या. त्याने शिक्का मारला.

"मी पुढे होते," ती त्याला म्हणाली. तिने सायकल रस्त्यावर घेतली आणि समुद्राच्या दिशेने टांग मारली. चढावर ती एकदा उतरली, पण मागे वळून पाहिलं नाही. तो बाहेर येऊन उभा राहिला, तेव्हा रांगेत कुरकुर सुरू झाली आणि तो मुकाट आत गेला.

त्या बाई अजून परतलेल्या नाहीत. 'मागून या' कोण म्हणालं, याची गावात अधूनमधून चौकशी होते. मी अजून कुणाचं नाव सांगितलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी रांगेत माझ्या पुढेच उभे होतात.