तीन नंबरच्या मशीनचा स्वयंस्फूर्त पुनरारंभ

मशीन माणसापेक्षा प्रामाणिक असतं. माणूस थकला तरी काम करतोय असं दाखवतो. मशीन थकलं की सरळ बंद पडतं, आणि लगेच शरम वाटून आपलं आपण चालू होतं. आमच्या हॉस्पिटलातलं डायलिसिसचं तीन नंबरचं मशीन तर इतकं प्रामाणिक की एका आठवड्यात एक्केचाळीस वेळा शरमलं.

(हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ट्रस्टचं आहे, माणसं चांगली आहेत, आणि मला तिथं अजून जायचं-यायचं आहे.)

मी जुबेदा, राहणार लोधिवली, शिक्षण चौथी, तेही मास्तर मायाळू होते म्हणून. आमच्या घरचे, म्हणजे कमाल, यांच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी रजेवर गेल्या, त्या परत हजर झाल्या नाहीत. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्यांचं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं, आणि अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेतं. चार तास पुरे झाले तर माणूस आडवा होऊन झोपतो. नाही झाले तर पाणी छातीत चढतं आणि तो खुर्चीत बसून झोपतो. असंच चढत राहिलं तर पुढे काय, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी मान हलवली. मान हलवायला चौथी पुरते.

आता, मशीन मध्येच बंद पडून पुन्हा चालू झालं की आधी स्वतःची तपासणी करतं. वीस मिनिटं. (स्वतःची इतकी तपासणी त्या इमारतीत दुसरं कोणी करत नाही.) तेवढा वेळ रक्त धुणं बंद. चार तास मात्र भिंतीवरच्या घड्याळाने मोजतात, कारण पुढचा पेशंट, म्हणजे धाऊ, कशेळे गावाच्या वरच्या वाडीतून पहाटेची जीप धरून आलेला असतो, आणि त्याचंही पाणी छातीपर्यंत आलेलं असतं. माझी नात लायबा बारावीला आहे, तिने हिशेब करून सांगितलं की चार तासांत आजोबांना मिळतात दोन तास पन्नास मिनिटं. उरलेला वेळ मशीन आत्मपरीक्षण करतं.

एक्केचाळीस हा आकडा ट्रस्टने हलक्यात घेतला नाही. सेक्रेटरी दशरथराव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 'बंद पडणे' हे अहवालात बरं दिसेना, म्हणून त्यांनी 'स्वयंस्फूर्त पुनरारंभ' असे शब्द काढले. शब्द इतके सुंदर आहेत की लग्नपत्रिकेतही चालतील. पेशंटच्या नातेवाइकांचा प्रतिनिधी म्हणून समितीत मला घेतलं, कारण मी नसले तर जास्त बोलते असा त्यांचा अनुभव होता.

समितीने केलेलं काम मी जसंच्या तसं देते.

प्रथम कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. समितीने नोंद घेतली की मशीन हेच आपल्या मनाने करत आलं आहे, म्हणजे इंजिनिअरइतकं ज्ञान त्याला उपजतच होतं.

मग आकडेवारी तपासली. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस वेळा मशीनला कोणी ना कोणी पेशंट जोडलेला होता. पेशंट नसताना मशीन एकदाही बंद पडलं नाही (तेव्हा ते बंदच असतं). यावरून पेशंट हे एक संभाव्य कारण आहे, असं ठरलं. कमालना लेखी विचारण्यात आलं की आपण मशीनवर असताना काय करता. त्यांनी लिहून दिलं, "पडून असतो."

टेक्निशियन धनेशने मशीनला लिंबू-मिरची बांधली. लिंबू आमच्या परसातलं, मिरची धाऊच्या बायकोची, जिजाची. लिंबू वाळलं, मशीनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवटी भिंतीवर सूचना लागली: 'मशीनच्या पिनला परवानगीशिवाय हात लावू नये. आदेशावरून.' चांगली ठळक, लॅमिनेट केलेली. ती लावताना चार जणांनी पिनला हात लावला.

बैठक मशीनशेजारीच भरे. दर बैठकीला चहा असे, आणि दर बैठकीला मशीन हमखास बंद पडे. दशरथरावांना याचं फार समाधान वाटायचं. म्हणायचे, "बघा भाभी, आपण बसलो की लक्षण लगेच दिसतं. समिती बरोबर वाटेवर हाय."

खरं कारण सापडलं ते मोबाइल चार्जिंगला लावताना. तीन नंबरच्या मागे भिंतीवर लाल बोर्ड आहे. लाइट गेली तरी त्याच्यात करंट राहतो, खाली बॅटऱ्यांचं कपाट आहे. तो मशीनसाठी बसवलेला. मी माझी पिन लावायला हात घातला तर बोटं भाजली.

जिजा शेजारीच फतकल मारून बसली होती. म्हणाली, "त्यो रोज तापतोय गं भाभी. मी गार झालेली भाकर त्याच्यावर ठेवते."

"आणि सांगितलं नाय कुणाला?"

"मला कुठं समितीत घेतलंय."

मी पदर खोचला आणि त्या बोर्डातून निघालेल्या वायरी एकेक करून मोजल्या. मशीन सोडून जे निघालं ते असं: देणगीदारांच्या नावाची पाटी, जिच्या कडेने दिवे पळतात. पेशंटच्या मनाला शांती मिळावी म्हणून ठेवलेल्या माशांच्या पेटीचा पंप (मासे श्रावणातच गेले, पंप अजून शांती देतो). ऑफिसचा प्रिंटर, ज्यावर मशीन बंद पडल्याचे अहवाल छापतात. ऑफिसच्या चहाची विजेची किटली, जी आता समितीचाही चहा करते. डास मारायची बॅट. आणि पट्ट्यांना पट्ट्या जोडून अकरा चार्जर, त्यांतल्या एकाला फोनच नव्हता. एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तसा कोणीतरी जागा धरून ठेवला होता. अकरांतला एक माझा. तो मी काढला नाही. फोन पाच टक्क्यांवर होता आणि लायबाचा फोन यायचा होता.

म्हणजे किटली तापली की बोर्डाला भार झेपायचा नाही, तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत करंट सोडायचा, आणि मशीन बंद पडून चालू व्हायचं. मी हे बैठकीत मांडलं. किटली तिथेच उकळत होती. मशीन तिथेच बंद पडलं. याहून चांगला पुरावा कोर्टातही मिळत नाही.

मग कोणती वायर काढायची यावर चर्चा झाली. पाटी काढता येईना, देणगीदार दुखावतील. प्रिंटर काढला तर अहवाल कुठून येणार. किटलीबद्दल दशरथरावांनी मला विचारलं, "भाभी, एवढ्याशा किटलीनं काय होतंय?" माशांच्या पंपाबद्दल डॉक्टर म्हणाले, तो तर अगदीच हलका. चार्जरवाले अकराही जण म्हणाले (मी धरून), एका फोनचा भार तो कितीसा. धनेशने प्रत्येकाचा भार कागदावर लिहिला. खरंच, एकेकट्याचा बघितला तर काहीच नव्हता. बोर्डावर भार टाकणारी वस्तू एकच निघाली, सगळ्यांत जड, ऐन चार-चार तास वीज ओढणारी: डायलिसिसचं मशीन.

ठराव एकमताविरुद्ध एक अशा मताने मंजूर झाला. एक मी. तीन नंबरचं मशीन लाल बोर्डावरून काढून शेजारच्या साध्या बोर्डावर लावलं.

निकाल लगेच दिसला. त्या महिन्यात स्वयंस्फूर्त पुनरारंभ शून्य. आता लाइट गेली की मशीन बंद पडायचं आणि लाइट आली की चालू व्हायचं. पण त्याला कारण होतं, आणि कारण असलेला पुनरारंभ स्वयंस्फूर्त नसल्याने समितीच्या कक्षेत येत नाही. दशरथरावांचा शाल देऊन सत्कार झाला. लाल बोर्डावर एक जागा रिकामी झाली होती, तिथे सत्काराचा माइक लावला.

कमालना आता मिळत होते दोन तास दहा मिनिटं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी कमालना मशीनवर घेऊन तास झाला असेल, लाइट गेली. मशीन बंद. पाटीचे दिवे पळतच होते. मशीनच्या आतली बॅटरी कधीचीच मेलेली, आणि असं झालं की नळ्यांत असलेलं रक्त थिजायच्या आत हाताने फिरवावं लागतं. त्यासाठी मशीनला एक छोटं हँडल असतं. सिस्टर माधवीचे हात दोन आणि मशीनं चार. बाकीच्या तिघांच्याही पिना कुठल्या ना कुठल्या ठरावाने साध्या बोर्डावर गेलेल्या. धाऊ त्या दिवशी दोन नंबरवर होता; जिजाला त्याच्याकडे आणि वॉर्डबॉयला चार नंबरकडे लावून ती एक नंबरकडे धावली, जाता जाता मला म्हणाली,

"चाची, तुमी घ्या. हळू नको, जोरात नको. थांबू मात्र नका."

मी जातं ओढलेली बाई आहे. नाचणी दळताना हात जसा चालतो तसा चालवला. कमालचं रक्त नळीतून सरकताना दिसत होतं. त्यांचा चेहरा पांढरा, तरी बोलले, "बेचाळीस वर्सं रक्त आटवलंस, आता जरा फिरव."

"गप पडून रहा," मी म्हटलं. "समितीला तसं लिहून दिलंय तुमी."

एरवी लाइट गेली की धनेश लगेच जनरेटर चालू करतो, पण त्या दिवशी जनरेटरची चावी धनेशच्या खिशात, आणि धनेश तालुक्याला. पाच मिनिटं झाली. खांदा भरून आला. एवढ्यात एक जण कोणाला तरी भेटायला आत आला. निळा शर्ट, पिशवीत केळी, पायात बूट, शिकलेला. पेशंट कसा आहे असं विचारता विचारता भिंतीकडे बघत होता.

"मावशी, जरा सरकता का? पॉइंट तुमच्या मागं हाय."

मी हँडल न सोडता सरकले. म्हटलं, "बाळा, त्या लाल बोर्डात करंट हाय. एक चार्जर काढ आणि ह्या मशीनची पिन तिथं लाव. माझाच काढ, पांढरा."

त्याने बघितलं. अकराही पांढरे होते.

"कुणाचा काढू मावशी? लोकं बोलतील." मग त्याने भिंतीवरची सूचना वाचली, मोठ्याने, माझ्यासाठी. "आणि मशीनच्या पिनला हात लावायचा नाय असं लिवलंय बघा इथं."

नियम पाळणारा माणूस. त्याने तो फोन नसलेला, नुसती जागा धरलेला चार्जर हळूच काढला, बाजूला नीट ठेवला, आणि स्वतःचा लावला. मग केळ्यांतलं एक सोलून माझ्यापुढे धरलं. माझे हात रिकामे नाहीत हे बघून त्याला वाईट वाटलं, ते त्यानेच खाल्लं.

अकराव्या मिनिटाला लाइट आली. कमालचं रक्त थिजलं नाही. त्या दिवशी त्यांना किती वेळ मिळाला हे लायबाने काढलं, पण मला सांगितलं नाही; खुर्चीवर आणखी एक उशी तेवढी ठेवली. समितीने माझं अभिनंदन केलं आणि तीन नंबरच्या मशीनची 'मानद बॅटरी' म्हणून तक्त्यात नाव घातलं. तक्ता चांगला आहे. त्यात लाइट गेल्याची वेळ आहे, हँडल किती मिनिटं फिरवलं ते आहे, पेशंटचं वजन आहे. फक्त एक रकाना रिकामा राहिलाय, कारण गडबडीत मला त्या निळ्या शर्टवाल्याला विचारायचं सुचलं नाही.

तुम्हीही कधी ना कधी कोणाला भेटायला हॉस्पिटलात गेला असाल. केळी नेली असतील. त्या दिवशी तुमचा फोन किती टक्क्यांपर्यंत चार्ज झाला, तेवढं कळवा, रकाना भरायचा आहे.